बिनघुंगराचा वाळा

बालवाडीच्या फडतरे बाईंनी बकुळच्या आईला, उत्तराला, थांबवून घेतलं, तोवर बाकीची मुलं आपापल्या आयांच्या मागे स्कूटरवर बसून निघूनही गेली होती. बाईंच्या हातात बकुळचा बूट होता आणि बुटात बोराएवढा खडा होता.

"सकाळपासनं होता हा आत," बाई म्हणाल्या. "आता बूट काढताना सापडला. टाच सोलवटलीय बघा पोरीची. जरा लंगडत होती, पण खेळली, नाचली, गाणी म्हटली. मी विचारलं, बाळ, दुखत होतं का? तर म्हणाली, हो."

"मग तुम्हाला सांगितलं नाही तिनं?"

"तेच तर म्हणते मी. बोलायला कुणाला ऐकत नाही ती. पण मागत काहीच नाही. तहान लागली तर पाण्याच्या पिंपाकडं बघत उभी राहते. आधी वाटलं लाजते. पण लाजरी नाही हो. कुणीतरी येणारच आहे म्हणून थांबल्यागत थांबते." बाई जरा घुटमळल्या. "घरी कशी असते?"

"घरी अगदी छान असते," उत्तरा म्हणाली. वाक्य खरं होतं, आणि तरी ते बोलताना तिला बाईंच्या डोळ्यांत बघवलं नाही.

गाडीत बसल्यावर तिनं पर्समधून वाळा काढला. कसलंही यंत्र अंगावर घालून शाळेत यायचं नाही, असा बालवाडीचा नियम होता, म्हणून सकाळी फाटकाशी तो उतरायचा आणि दुपारी पुन्हा पायात चढायचा. वाळ्याची कडी मिटली आणि उत्तराच्या मनगटावरच्या कड्यानं बाहेरच्या बाजूला चार ठोके दिले. दुखतंय. आत्ता कुठे तिला लेकीची टाच कळली. त्याआधी सोललेली टाच डोळ्यांनी बघूनही ती कळली नव्हती, हे लक्षात आलं तेव्हा तिला स्वतःचीच किळस आली.

आपल्याकडे बारशाला बाळाच्या पायात वाळे घालतात. हौस म्हणून घालतात हे खरं, पण त्यातल्या घुंगरांना कामही असायचं. आईचे हात पिठात असले, तरी पोर कुठल्या खोलीत रांगतंय ते तिला कानानं समजायचं. कोल्हापुरातल्या 'सांगाती' नावाच्या एका लहानशा कंपनीनं हीच कल्पना उचलली आणि घुंगरू तेवढे काढून टाकले. चांदीच्या कवचाच्या आत त्यांनी कागदाहून पातळ संवेदक बसवले. हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधलं अंतर, घामातले क्षार आणि संप्रेरकं, त्वचेची ऊब हे सगळं ते टिपत. भूक, झोप, भीती किंवा दुखणं बाळाच्या अंगात आधी येतं आणि ओठांवर नंतर. रडं फुटण्याच्या काही मिनिटं आधीच शरीरानं त्याची तयारी केलेली असते. ती तयारी वाळा पकडायचा आणि आईच्या मनगटावरच्या कड्याला कळवायचा. भुकेचा ठोका आतल्या बाजूला, झोपेचा वर, दुखण्याचा बाहेर.

खरी गंमत त्यापुढे होती. अंध माणूस काठी टेकत चालतो तेव्हा त्याला तळहातातली मूठ जाणवत नाही, काठीच्या टोकाशी असलेला रस्ता जाणवतो. मेंदू असा झटकन जुळवून घेतो. पहिले काही आठवडे आयांना ठोके जाणवायचे, पुढे ते जाणवेनासे व्हायचे आणि नुसतं कळायचं, की बाळाला भूक लागलीय. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, आईच्या मनाला कळतं. सांगातीच्या जाहिरातीतही तेच वाक्य होतं आणि ते कुणाला खोटं वाटत नव्हतं.

हा वाळा चालवणारी आज्ञावली लिहिणाऱ्यांत उत्तरा होती. त्यात 'विलंब' नावाचा एक भाग होता, तो तर तिनं एकटीनं लिहिला होता. कंपनीच्या बालमानसतज्ज्ञ डॉ. गुलनार मुजावर त्या भागासाठी हट्टाला पेटल्या होत्या.

"आईला सगळं लगेच कळलं पाहिजे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्या बैठकीत म्हणाल्या होत्या. "चांगल्यातल्या चांगल्या आईचंही निम्म्याहून जास्त वेळा चुकतं. बाळ रडतं, ती पाजायला घेते, बाळ तोंड फिरवतं. मग ती खांद्यावर घेते, फेऱ्या मारते, मग कुठे ढेकर निघतो. या खटाटोपात बाळ दोन गोष्टी शिकतं. आपण हाक मारली की कुणीतरी येतं, आणि आलेल्या माणसाला कळलं नाही तर पुन्हा सांगता येतं. भरवसा यातून येतो. वाळ्यानं हे खाऊन टाकलं तर आपण काय कमावलं?"

म्हणून ठरलं, की बाळ जसं मोठं होईल तसा वाळ्यानं उशीर करायचा. वर्षाच्या आसपास त्यानं बाळ रडू लागल्यावरच कळवायचं. दुसऱ्या वर्षी ताप आणि जबर दुखणं सोडून गप्प राहायचं. तिसऱ्या वाढदिवसाला पायातून उतरायचं.

बकुळ आता चार वर्षांची होती. तिचा वाळा उतरला नव्हता, आणि त्यानं कधी उशीरही केला नव्हता.

झालं होतं ते एवढंच. बकुळ जेमतेम दीड महिन्याची असताना एका दुपारी उत्तरा दार लोटून आडवी झाली. नवरा, प्रसन्न, कॉलेजच्या सहलीबरोबर गेला होता. कितीतरी दिवसांची झोप अंगावर आली आणि बाहेर धुण्याचं यंत्र घरघरत राहिलं. वाळा चार्ज करायला काढून ठेवलेला होता. जाग आली तेव्हा पलीकडच्या खोलीत बकुळचा आवाज पार बसलेला होता. ती रडत होती, पण नुसतं तोंड हलत होतं. उत्तरानं तिला उचललं तर तिनं मान फिरवली. कुठल्याही डॉक्टरांनी सांगितलं असतं, अहो, होतं असं, काही बिघडत नाही. पण उत्तरानं कुणाला विचारलंच नाही. ती मान फिरवलेली तिच्या मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी तिनं आज्ञावली उघडली आणि एका वाळ्यापुरता विलंब शून्य करून टाकला.

महिनाभरासाठी, असं तिनं स्वतःला सांगितलं होतं. महिना सरला तेव्हा आणखी एक. पुढे सांगणंही बंद झालं. घरात रडणं असं उरलंच नाही. येणारी जाणारी माणसं म्हणायची, काय शहाणं बाळ आहे, आणि उत्तरा हसायची. फक्त प्रसन्न मध्येच एकदा म्हणाला होता, "मी जवळ गेलो की ती माझ्याकडे नुसती बघते. मला काही सांगतच नाही." त्यावर ती म्हणाली होती, "तुला वेळ लागेल." हे तिनं किती सहज म्हटलं होतं.

खड्याचा प्रकार झाला त्यानंतरच्या रविवारी त्यांना गुऱ्हाळावर जायचं होतं. प्रसन्नच्या एका सहकाऱ्याचा कागलच्या बाजूला ऊस होता, आणि थंडीत ताजी काकवी खायला सगळ्यांना घेऊन जायचं त्याच्या मनात होतं. निघताना उत्तरानं बकुळच्या पायातला वाळा काढून पर्समध्ये टाकला. आजपासून ही सवय सोडवायची, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. कुणाला काही न सांगता जसं सुरू केलं तसंच कुणाला न सांगता बंद करायचं. प्रसन्ननं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "टाच दुखतेय तिची, पायात काही नको."

गुऱ्हाळावर उसाच्या रसाची मोठी काहील रटरटत होती. गुळव्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक वयस्क माणूस, उसाची वाळकी चिपाडं लांब दांड्याच्या लोखंडी काट्यानं ओढून चुलाणात सारत होता. चिपाडांचा ढीग छपराला टेकलेला. मुलं त्याच्या आसपास लपाछपी खेळत होती. मग काकवी निघाली, सगळी ताटल्या घेऊन धावली, आणि बकुळ काही आली नाही.

आधी सगळ्यांनी हसत हाका मारल्या. मग विहिरीकडे कुणीतरी धावलं आणि हसणं थांबलं. "बकुळ! ए बकू!" दहा-बारा माणसं ओरडत होती. उत्तरा जागच्या जागी उभी होती. तिचा दुसरा हात सारखा मनगटाकडे जात होता. कडं होतं, पण मुकं. इतक्या वर्षांत आपल्या मुलीला शोधायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. आधी कुठे बघायचं असतं, पोरीला कुठे लपायला आवडतं, यातलं तिला काही माहीत नव्हतं. तिला भीती वाटत होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटत होती.

प्रसन्नला मात्र ढिगाच्या कडेला बकुळची एक चप्पल दिसली. "थांबा!" तो गुळव्यावर ओरडला. "चुलीत काही घालू नका." आणि तो दोन्ही हातांनी चिपाडं उपसू लागला. ढीग एका बाजूनं घसरला होता. भिंत आणि ढीग यांच्यामधल्या बोळात, वरून दडपलेल्या चिपाडांखाली, गुडघे पोटाशी घेऊन बकुळ बसली होती. केसांत कुसळं, गालावर ओरखडा. डोळे टक्क उघडे. रडत नव्हती. गुळव्यानं काट्याचं टोक बघितलं, ती जागा बघितली आणि काटा लांब फेकून दिला.

प्रसन्ननं तिला छातीशी धरलं. त्याचे हात रक्ताळले होते. "बकू, आम्ही एवढ्या हाका मारत होतो. ऐकू आल्या नाहीत तुला?"

"आल्या की."

"मग ओ का नाही दिलीस?"

बकुळला प्रश्नच समजला नाही. तिनं त्याच्या खांद्यावरून उत्तराकडे बघितलं. "आईला माहितीये ना मी इथं आहे ते."

गाडीत बकुळ मागच्या सीटवर झोपली. प्रसन्न गाडी चालवत होता आणि उत्तरानं सगळं सांगून टाकलं. ती दुपार, तो शून्य, तो महिना. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं आणि ते तिला जमलं, कारण रडली असती तर त्यानं समजूत काढली असती आणि तेवढीही आपली लायकी नाही, असं तिला वाटत होतं.

त्यानं मागून आलेल्या ट्रकला वाट दिली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाला, "म्हणजे तुला कळत होतं तिला काय हवंय ते, आणि मला कळू नये अशी व्यवस्था होती."

"तसं मुद्दाम नव्हतं रे."

"मुद्दाम नव्हतं. पण उत्तरा, मी तिच्याजवळ जाईपर्यंत तू आलेली असायचीस. दर वेळी. मला वाटायचं, आपल्यात बाप व्हायचं काही नाहीच. चार वर्षं वाटतंय मला हे. तू म्हणायचीस, वेळ लागेल." त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर तिला सोपं गेलं असतं.

सोमवारी ती मुजावर मॅडमच्या खोलीत गेली. मॅडमच्या पडद्यावर नेमका कंपनीनं वाळ्यावर चालवलेल्या अभ्यासातल्या मुलांच्या रडण्याचा आलेख होता. कुणाचीच नावं नव्हती, रेषाच होत्या. एक रेष सगळ्यांच्या खाली जवळजवळ सपाट होती.

"हे मूल बघ," मॅडम म्हणाल्या. "मला याचा उलगडा होत नाही. वरचे लोक म्हणतात, बघा किती शांत, विलंबाची गरजच नाही. पुढच्या वाळ्यातून तो काढायचा घाट घातलाय त्यांनी."

"मॅडम, ती बकुळ आहे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उत्तरानं कालपासून दुसऱ्यांदा सगळं सांगितलं, आणि दुसऱ्यांदा सांगणं पहिल्याहून सोपं नव्हतं. मॅडम रागावल्या, नीट रागावल्या. अभ्यासाचं काय केलंस, हे कुणाला किती महागात पडलं असतं, तुला या कामावर आता ठेवता येणार नाही, हे सगळं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उत्तरानं मान हलवली. मग मॅडमचा आवाज उतरला.

"लेक कशी आहे?"

"ती घाबरलीच नाही, मॅडम. ढिगाखाली बसून राहिली, मी येणार म्हणून. एवढा विश्वास आहे तिचा माझ्यावर."

"तो विश्वास नाही, उत्तरा, ती सवय आहे. नळ सोडला की पाणी येतं, तशी. नळावर कुणी विश्वास ठेवत नाही." त्यांनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. "अजून वेळ गेलेली नाही. चार वर्षांचं पोर कितीही शिकतं. वाळा काढलाच आहेस, आता तू उशिरा जायचं. ती सांगेल तेव्हा जायचं. ती रागावेल. रागावू दे. मग जाऊन मनवायचं."

"आणि तिनं सांगितलंच नाही तर?"

"तर थांबायचं. तुला जड जाईल, तिच्यापेक्षा तुला."

तसंच झालं. कडं उतरवल्यावरही उत्तराच्या मनगटावर ठोके पडत राहिले, खोटे. ती भाजी चिरता चिरता दचकायची, धावत जायची, तर बकुळ मजेत खेळत असायची. आणि बकुळला खरंच काही हवं असायचं तेव्हा मनगट मख्ख. पहिल्या दिवशी बकुळ ओट्याशी येऊन पेल्याकडे बघत उभी राहिली. उत्तरा पाठमोरी कणीक मळत राहिली. कणकेचा पार दगड झाला. शेवटी पोरीनं कोरडे ओठ चाटले आणि ती तशीच आत गेली. उत्तरानं ओट्यावर डोकं टेकलं. दीड महिन्याच्या बाळाला एकदा रडू दिलं म्हणून तिनं हे सगळं केलं होतं, आणि आता धडधडीत जागी राहून, डोळ्यांदेखत, तेच करायचं होतं. त्या रात्री जेवताना बकुळ पाणी प्यायली ते दोन पेले. ते बघून प्रसन्न उठून गॅलरीत गेला. तो घरात बोलत होता, पण कामापुरतं.

मधल्या सुट्टीत फडतरे बाईंचा फोन यायचा. "आज पण नाही मागितलं," त्या सांगायच्या. उत्तरा म्हणायची, बरं. एवढंच.

मग एका संध्याकाळी बकुळ फ्रॉक बदलत होती. मागचं बटण न काढताच तिनं फ्रॉक डोक्यावरून ओढला आणि ती मध्येच अडकली. दोन्ही हात वर, डोकं आत, पोट उघडं. उत्तरा कपड्यांच्या घड्या घेऊन दारात आली होती. ती दाराशीच थबकली.

बकुळ हलली नाही. फ्रॉकच्या आतून श्वास ऐकू येत होता, आधी संथ, मग भराभर. ती वाट बघत होती. आई येते. नेहमी येते. उत्तरानं घड्या इतक्या घट्ट धरल्या की बोटं दुखायला लागली. तिला बटण दिसत होतं. दोन पावलं आणि एक बटण, एवढंच काम होतं. बकुळच्या पोटावरची कातडी थरथरायला लागली. फ्रॉकच्या आत एक हुंदका अडखळला आणि उत्तराच्या ओठांवर आलेलं "आले" तिनं दातांखाली दाबलं.

मग अगदी बारीक आवाज आला. "बाबा."

उत्तराला वाटलं, आपल्याला भास झाला.

"बाबा!" आता मोठ्यानं. "बाबा, ये की!"

गॅलरीत झारी खाली पडल्याचा आवाज झाला. प्रसन्न ओल्या हातांनी धावत आला, दारातल्या उत्तराकडे न बघता आत गेला. "आलो गं, आलो. काय झालं?"

"अडकलंय!"

"कुठे? इथे?"

"तिथं नाही, मागं! मागं अडकलंय!"

त्याच्या ओल्या बोटांना बटण काही धरवेना. बकुळ चिडली, तिनं पाय आपटले, "अरे असं नाही," म्हणाली, आणि तो "बरं बाई, कसं मग?" असं म्हणत हसत होता, हसता हसता त्याचे डोळे वाहत होते. तिनं त्याला हाक मारली हे बरोबरच होतं. या घरात न बोलावताच येणारं एक माणूस होतं आणि बोलावल्यावर येऊ शकणारं एक. उत्तराला हे कळलं आणि तिला आनंद झाला. तो आनंद कुठेतरी फार आत टोचला.

फ्रॉक निघाला. विस्कटलेल्या केसांतून बकुळनं समोर बघितलं. दारात आई उभी होती, हातात घड्या. नुकतीच आलेली नव्हती, हे चार वर्षांच्या पोरीलाही समजलं. तिचा चेहरा हळूहळू बदलला. उत्तरानं तो चेहरा याआधी एकदाच बघितला होता, एका दुपारी. बकुळनं मान फिरवली. ती कोपऱ्यात गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

प्रसन्ननं उत्तराकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी नीट बघितलं. मग तो तिच्या हातातल्या घड्या घेऊन बाहेर गेला आणि जाताना त्यानं दार लोटून घेतलं.

उत्तरा बकुळच्या मागे जमिनीवर बसली. तिनं मनगटाकडे बघितलं. तिथे कड्याचा पांढरा वळ तेवढा होता. त्या लहानशा पाठीच्या आत काय चाललंय, राग आहे की भीती, कुशीत घ्यावं की जरा थांबावं, तिला काही म्हणजे काही कळत नव्हतं. तेव्हा तिनं जे आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय झालं, बकू?"

बकुळ भिंतीला आणखी चिकटली.

"चुकलं माझं. मी इथेच होते आणि आले नाही. तुला राग आलाय का?"

बकुळनं बराच वेळ विचार केला. मग भिंतीलाच म्हणाली, "सांगणार नाही."

"बरं," उत्तरा म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली.